मतदारयादीतले नाव

संविधानाच्या ३२६व्या अनुच्छेदाने २१ वर्षांवरील नागरिकांना, स्त्री-पुरुष भेद न करता, मताचा अधिकार दिला. १९५१च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. त्यावर तोड निघाली: प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. अक्षर न ओळखणाऱ्यालाही मत देता आले.

रूढीवर मात्र इतकी सोपी तोड नव्हती. आपल्याकडे नवऱ्याचे नाव उखाण्यातच घ्यायचे. उत्तरेत अनेकींना परक्यापुढे स्वतःचेच नाव सांगणे अवघड होते. यादीत ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ अशा नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्या अमान्य केल्या. सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणींची नावे अखेर गळाली. त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेशातल्या बायका बहुसंख्य होत्या. १९५१-५२ची निवडणूक त्यांच्याविना झाली.

तत्त्व म्हणून सेन यांचे बरोबरच होते. मत कुणाच्या बायकोचे नसते, त्या बाईचे असते. नोंद तिच्याच नावाने हवी. पण त्या धड्याची किंमत जिने रूढी घातली नव्हती तिनेच मोजली. नाव विचारू न देणारे घरातले पुरुष मात्र निर्वेधपणे मत देऊन आले.

नागरिकाला हक्क शिकवताना म्हणूनच आधी पाहावे लागते, की त्याच्या तोंडावर हात कुणाचा आहे. तो हात बाजूला करणे हे शासनाचे आणि शेजाऱ्याचेही कर्तव्य.