उष्टे आणि विटाळ

चकली दाढेखाली मोडत असताना दंतवैद्याचे नाव काढणे शुभ नव्हे, हे कबूल. पण फराळाच्या ताटाने ज्यांची किडकी दाढ जागी होते, त्यांना भाऊबीज उलटताच कोणाची पायरी चढावी लागते हे वाचकांना सांगायला नकोच! तिथे खुर्चीत बसून ‘आ’ केला की समोर दिसतात ते फक्त दोन डोळे. बाकीचा चेहरा पट्टीआड. ही पट्टी तिथवर कशी पोचली, याची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

उष्ट्याचा विचार आपल्या घरांत जुनाच. पेल्याला ओठ न लावता वरून पाणी प्यावे, एकाने चावलेला पेरू दुसऱ्याने खाऊ नये, हे आजीने शिकवले. पारशी दस्तूर अग्यारीत अग्नीपुढे तोंडावर पांढरे फडके बांधतात, तेही अग्नीला श्वास लागू नये म्हणून. पण याच उष्ट्याच्या शेजारी आपण विटाळही बसवला. उष्टे लाळेने होते. विटाळ मात्र जन्म पाहून ठरवला गेला. पहिल्यात थोडे शास्त्र होते, दुसऱ्यात निव्वळ अन्याय.

लाळेचे शास्त्र युरोपात सिद्ध झाले. बोलताना उडणाऱ्या तुषारांतून जंतू पसरतात, असे कार्ल फ्ल्यूगे यांनी दाखवले. आणि १८९७ साली ब्रेस्लाउ येथील शल्यवैद्य मिकुलिच तोंडावर जाळीदार कापड बांधून शस्त्रक्रिया करू लागले. पुढे १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे साठ हजार माणसे नेली. पेनांग येथे जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले तरुण डॉक्टर वू लिएन-तेह यांनी हा रोग श्वासावाटे पसरतो असे ओळखले आणि कापूस-जाळीच्या पट्ट्या बांधायला लावल्या. मेनी नावाच्या नामांकित फ्रेंच डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे धुडकावले. पट्टीवाचून ते रुग्णांजवळ गेले आणि थोड्याच दिवसांत त्याच रोगाला बळी पडले. रोगाने ना त्यांचा वर्ण विचारला, ना हुद्दा.

१९१८ च्या जूनमध्ये इन्फ्ल्युएन्झा मुंबई बंदरी उतरला आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. तिकडे सॅन फ्रान्सिस्को शहराने पट्टीची सक्ती केली. साथ ओसरली तशा पट्ट्याही उतरल्या. दंतवैद्य तर पुढेही कित्येक वर्षे उघड्या हातांनीच लोकांच्या तोंडात बोटे घालीत राहिले.

१९५७ साली वाऱ्याच्या झोताने फिरणारे नवे यंत्र अमेरिकेत बाजारात आले. मिनिटाला लाखो फेरे! दात तापू नये म्हणून त्यावर पाण्याचा फवारा. रोग्याच्या वेदना कमी झाल्या. पण पाणी, लाळ आणि जंतू यांचे धुके खोलीभर उडू लागले. त्या धुक्याची मोजदाद पुढच्या दशकात सुरू झाली, तरी सवयी फारशा बदलल्या नाहीत.

त्या बदलल्या १९८१ नंतर, एड्सच्या भयाने. या रोग्यांना कोणी शिवेना; विटाळच नव्या नावाने परत आला म्हणा ना! तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८६ साली दंतवैद्यांसाठी नियम प्रसिद्ध केले. ‘रोगी कोण’ हे चेहऱ्यावरून ओळखू पाहू नका; प्रत्येकाला तेच हातमोजे, तीच पट्टी, प्रत्येकाच्या वेळी उकळत्या वाफेच्या दाबाने शुद्ध केलेली हत्यारे, असे त्यांचे सार होते. शेटजी असो वा हमाल, संशय सर्वांवर सारखा. म्हणूनच अपमान कोणाचाच नाही.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत याच तत्त्वाची कसोटी लागली. सर्वाधिक धोक्याच्या व्यवसायांत दंतवैद्यांची गणना झाली. जगभर दवाखाने तातडीच्या कामापुरते उरले. लक्षणे नसलेल्याच्या लाळेतही विषाणू सापडे, तेव्हा ओळखणार कसे? दंतवैद्यांनी ओळखण्याचा नाद सोडला. आधी दूरध्वनीवर चौकशी, मग औषधी पाण्याची चूळ, दाताभोवती रबरी पडदा (ही युक्ती १८६४ ची!), तुषार ओढून घेणारी जोरकस नळी, घट्ट बसणारी मुखपट्टी, उघड्या खिडक्या आणि दोन रोग्यांमध्ये मोकळा वेळ. त्या जूनमध्ये अमेरिकेतील दोन हजारांहून अधिक दंतवैद्यांची पाहणी झाली, तेव्हा बाधितांचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी भरले. सर्वांत भयंकर मानलेली खोली बरीच सुरक्षित ठरली.

आणि बाहेर? बाहेर शेजारी शेजाऱ्याला टाळीत होता. रुग्णसेवा करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना घरमालक दार दाखवीत होते. त्यांच्यावरील हल्ले थांबवण्यासाठी केंद्र सरकारला एप्रिल २०२० मध्ये वटहुकूम काढावा लागला. पट्टी तोंडावर सर्वांच्याच होती, पण काहींनी ती विटाळासारखी बांधली होती.

मुलांना हा भेद सांगितला पाहिजे. उष्टे पाळावे, कारण ते प्रत्येकाचे असते, आपलेही. विटाळ पाळू नये, कारण तो नेहमी दुसऱ्याचाच असतो. दंतवैद्याच्या पट्टीमागचे शहाणपण एवढेच आहे, आणि ते साथ नसतानाही उपयोगी पडेल. असो. लाडू खा, चूळ भरा, आणि दाढ दुखली तर दिवाळी संपण्याची वाट पाहू नका.