निळा, हिरवा, विटकरी

१९८५ च्या सुमाराची गोष्ट. वाशीला आमच्या सिडकोच्या घरात न्हाणीघराच्या खिडकीत एक परीक्षानळी उभी असायची. वडिलांना मधुमेह. रोज सकाळी ते नळीत निळं बेनेडिक्ट द्रावण घेत, लघवीचे आठ थेंब टाकत आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळत. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी म्हणजे चढत गेलेली. विटकरी झाला की वडील वहीत नोंद करून दवाखाना गाठत.

ही चाचणी अमेरिकी रसायनतज्ज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांची, शंभर वर्षांहून जुनी. तिच्यात एक उणीव होती. शंभर मिलिलिटर रक्तात साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. त्यामुळे साखर एकदम खाली गेली तरी नळी निळीच!

१९७० च्या सुमारास अमेरिकेत बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून साखर सांगणारं यंत्र आलं. वजन किलोभराहून अधिक, आणि विक्री फक्त डॉक्टरांना. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या मधुमेही इंजिनिअरनं ते आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावावर मिळवलं. दिवसातून अनेकदा साखर मोजून त्यांनी जेवण आणि इन्सुलिन यांचा मेळ घातला, तब्येत सुधारली. पण इंजिनिअरचं ऐकतो कोण? अखेर चाळिशी उलटल्यावर ते वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर होऊन बोलू लागले. रुग्णानं स्वतः मोजावं की नाही, हाच तेव्हा वाद होता.

आपल्याकडे हा वाद कोविडनं पुरता मिटवला. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावरचा ऑक्सिमीटर २०२० मध्ये मी वाशी-नेरूळच्या औषध दुकानांतून शोधत फिरलो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, रक्तदाबमापक, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच वस्तूंवरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांवर रोखला. थर्मामीटरच्या पंगतीत ही यंत्रंही घरगुती वस्तू म्हणून बसली.

पुढं आमच्याकडे रक्तदाबाचं यंत्रही आलं. आठवडाभर १२०-८० दिसलं, तशी वडिलांनी कुणाला न सांगता गोळी बंद केली. दहा दिवसांत वरचा आकडा १७० च्या पुढे! डॉक्टर म्हणाले, "काका, आकडा चांगला होता तो गोळीमुळेच."

नळीच्या काळात वडील रंग पाहून डॉक्टरांना विचारायला जात. यंत्र आलं आणि विचारणं सुटलं. आता यंत्राच्या पेटीतच मी एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ आणि आकडा, एवढंच आम्ही लिहितो. गोळी कमी करायची की वाढवायची, ते वही पाहून डॉक्टर ठरवतात. तुमच्या घरी यंत्र असेल तर शेजारी एक वही जरूर ठेवा.