इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज व्यवस्थापन

इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज व्यवस्थापन म्हणजे कागदपत्रांची संगणकीय रूपातील निर्मिती, नोंदणी, वर्णन, साठवण, शोध, जतन आणि मुदतीनंतरची विल्हेवाट यांची शिस्तबद्ध व्यवस्था होय. ज्या संगणकप्रणालीद्वारे हे काम चालते तिला दस्तऐवज व्यवस्थापन प्रणाली असे म्हणतात. कागदांचे स्कॅनिंग हा या व्यवस्थेचा केवळ एक टप्पा आहे. व्यवहारात मात्र पुष्कळदा त्यालाच संपूर्ण व्यवस्था समजले जाते. नाव, दिनांक व विषय यांची नोंद न करता साठवलेल्या हजारो प्रतिमा संगणकात असूनही सापडत नाहीत, आणि जो कागद सापडत नाही तो गरजूच्या दृष्टीने नसल्यातच जमा असतो.

पूर्वपीठिका

या क्षेत्रातील बहुतेक संकल्पना संगणकापेक्षा जुन्या आहेत. मराठेशाहीतील कागद विषयवार बांधून कापडी रुमालांत ठेवले जात. पुण्यातील पेशवे दफ्तर हा अशा रुमालांचा प्रचंड संग्रह असून गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागद इ.स. १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. पुढील काळातील सरकारी कचेऱ्यांत आलेला व गेलेला प्रत्येक कागद बारनिशीत, म्हणजे आवक-जावक शाखेत, क्रमांक घेऊनच पुढे सरकतो. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत रूढ असलेली सहा गठ्ठे पद्धतही याच विचारातून आली आहे. हाती असलेली, उत्तराच्या प्रतीक्षेत असलेली, अभिलेख कक्षात पाठवावयाची व नष्ट करावयाची अशी प्रकरणे तीत वेगवेगळ्या गठ्ठ्यांत ठेवली जातात. नियतकालिक विवरणपत्रे व स्थायी आदेश यांचे गठ्ठे स्वतंत्र असतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या ई-ऑफिस प्रणालीत नस्ती, टिपणी आणि आवक क्रमांक हे जुनेच घटक पडद्यावर आले आहेत. ज्या कचेरीची बारनिशी विस्कळीत असते, तिची संगणकप्रणालीही बहुधा विस्कळीतच राहते.

दस्तऐवज आणि अभिलेख

बोलीभाषेत हे शब्द एकाच अर्थाने वापरले जात असले तरी शास्त्रात त्यांत भेद केला जातो. दस्तऐवज बदलू शकतो. मसुद्यात खाडाखोड होते, परिच्छेद वाढतात. निर्णय होऊन स्वाक्षरी झाली की तो अभिलेख ठरतो आणि त्यानंतर त्यात फेरफार करता येत नाही. आयएसओ १५४८९ या आंतरराष्ट्रीय मानकात (इ.स. २००१, सुधारित आवृत्ती इ.स. २०१६) अभिलेखाची चार लक्षणे मानली आहेत : अस्सलपणा, विश्वसनीयता, अखंडता आणि उपयोज्यता. शेवटचे लक्षण सर्वाधिक दुर्लक्षित आहे. कागद अस्सल आहे, सुरक्षितही आहे, परंतु तो शोधता वा वाचता येत नसेल तर हे लक्षण पूर्ण होत नाही.

मेटाडेटा

दस्तऐवजाविषयीच्या माहितीस मेटाडेटा म्हणतात. ग्रंथालयातील तालिकापत्र हे त्याचे जुने रूप होय. इ.स. १९९५ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डब्लिन या गावी झालेल्या कार्यशाळेतून डब्लिन कोअर ही वर्णनपद्धती पुढे आली (आयर्लंडच्या राजधानीशी तिचा संबंध नाही). शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, हक्क इत्यादी १५ घटक तिच्या मूळ संचात आहेत.

मेटाडेटाचे महत्त्व शाळेच्या जनरल रजिस्टरवरून चांगले ध्यानात येते. या नोंदवहीच्या एकेका पानावर अनेक विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, जात, पूर्वीची शाळा व शाळा सोडल्याचा दिनांक असे रकाने भरलेले असतात. जन्मतारीख वा जात सिद्ध करताना ही नोंद पुरावा म्हणून मागितली जाते. पान स्कॅन करून त्यास स्कॅनरने दिलेला अनुक्रमांकच नाव म्हणून ठेवला, तर एका विद्यार्थ्याच्या शोधासाठी सर्व पाने एकामागून एक उघडावी लागतात. म्हणजे कष्ट वहीइतकेच, आणि डोळ्यांना ताण अधिक. याउलट प्रवेश क्रमांक, विद्यार्थ्याचे व पालकाचे नाव, गाव आणि वर्ष एवढ्या पाच बाबींची सूची जोडली तरी नोंद क्षणात सापडते. सूची करण्याचे काम कंटाळवाणे व खर्चिक असते. म्हणून स्कॅनिंग पूर्ण आणि सूची अपूर्ण अशी स्थिती वारंवार आढळते.

इ.स. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी मराठवाड्यातील निजामकालीन अभिलेखांसह जुने महसुली, शैक्षणिक व इतर कागद तपासण्यात आले. यांतील बरेच कागद मोडी वा उर्दूत असल्याने लिपीच्या जाणकारांची मदत घ्यावी लागली. एका नोंदीवर कुटुंबाचे प्रमाणपत्र अवलंबून असते, ही बाब त्यामुळे सर्वसामान्यांच्याही परिचयाची झाली.

प्रतिमा आणि मजकूर

स्कॅन केलेले पान ही प्रतिमा असते. संगणकाच्या लेखी तो ठिपक्यांचा समूह होय. ए-४ आकाराचे पान इंचास ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केल्यास सुमारे ८७ लाख ठिपके मिळतात, आणि रंगीत असल्यास संक्षेपाविना ते सुमारे २६ मेगाबाइट जागा व्यापते. एवढ्या मोठ्या फाइलमध्ये शोधता येईल असा एकही शब्द नसतो. प्रतिमेतील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करण्याच्या क्रियेस ओसीआर म्हणतात. देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना एकमेकांशी जोडते. शिवाय जोडाक्षरे, रफार आणि वरखालच्या मात्रा असल्याने अक्षरे सुटी करणे रोमन लिपीपेक्षा कठीण जाते. छापील मराठीसाठी टेसरॅक्टसारखी मुक्त साधने उपलब्ध आहेत. हस्तलिखित आणि मोडी यांच्याबाबत मात्र जाणकाराच्या नजरेला अद्याप पर्याय नाही.

संगणकावरच टंकलिखित केलेला मराठी मजकूरही नेहमी शोधण्याजोगा असतो असे नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या उत्पादकांच्या फाँटमध्ये टंकित होत असे. त्यांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. तो विशिष्ट फाँट संगणकात नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. अशा फाइलींचे परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये रूपांतर करता येते, परंतु नंतर मुद्रितशोधन अपरिहार्य ठरते. युनिकोडमध्येही काही सापळे आहेत. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. ‘ॲ’ हे अक्षरही एकसंध किंवा ‘अ’वर चंद्र देऊन लिहिता येते. डोळ्यांस दोन्ही रूपे सारखीच, संगणकास मात्र निराळी. त्यामुळे चांगल्या प्रणालीत शोधापूर्वी अशी रूपे एकसारखी केली जातात. त्या प्रक्रियेस सामान्यीकरण म्हणतात.

आवृत्ती, अधिकार आणि मागोवा

एकाच मसुद्यावर अनेक जण काम करीत असतील तर आवृत्ती नियंत्रण आवश्यक असते. ग्रंथालयातून पुस्तक नेल्याप्रमाणे एकाने फाइल संपादनासाठी घेतली की ती परत होईपर्यंत इतरांना केवळ वाचता येते. कोण पाहू शकतो, कोण बदलू शकतो हे प्रवेशाधिकाराने ठरते. कोणी, केव्हा, काय केले याची आपोआप होणारी नोंद म्हणजे मागोवा नोंद. ती प्रणालीच्या चालकासही पुसता येऊ नये, अशी अपेक्षा असते.

जतन आणि विल्हेवाट

महाराष्ट्रातील शासकीय अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ वर्गातील कागद कायम, तर ‘ब’ वर्गातील ३० वर्षे जतन केले जातात. ‘ड’ वर्गातील कागद अल्पावधीत नष्ट करण्याजोगे असतात. संगणकीय प्रणालीत हीच मुदत नस्तीच्या मेटाडेटात नोंदवितात. सर्व काही कायम ठेवण्याचा मोह स्वस्त साठवणुकीमुळे वाढला आहे, पण निरुपयोगी फाइलींच्या ढिगात उपयोगी फाइल हरवते. न्यायालयीन प्रकरण वा चौकशी चालू असल्यास संबंधित कागदांची विल्हेवाट, मुदत संपली तरी, थांबवावी लागते.

राखीव प्रत आणि पुराभिलेख यांतही फरक आहे. यंत्र बिघडल्यास काम पूर्ववत चालू करण्यासाठी राखीव प्रत असते. पुराभिलेखाचा हेतू मात्र काही दशकांनंतरही कागद वाचता यावा हा असतो. त्यासाठी पीडीएफ/ए हे स्वरूप (आयएसओ १९००५, पहिला भाग इ.स. २००५) वापरतात. यात लागणारे फाँट फाइलमध्येच अंतर्भूत करावे लागतात आणि कूटबद्ध करण्यास मनाई आहे. तथापि जुन्या मराठी फाँटमधील मजकूर या स्वरूपात ठेवला तर तो दिसतो नीट, पण शोधता येतोच असे नाही.

कायदेशीर बाजू

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला व त्याने इलेक्ट्रॉनिक अभिलेख आणि डिजिटल स्वाक्षरी यांस मान्यता दिली. अभिलेख पुढेही उपलब्ध राहावा, त्याचे मूळ स्वरूप टिकावे आणि तो कोठून, कोठे, केव्हा गेला हे कळावे, अशा अटी त्याच्या कलम ७ मध्ये आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी अभिलेख सूचीबद्ध ठेवणे बंधनकारक आहे; कागद केवळ जपून ठेवल्याने ही अट पूर्ण होत नाही. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा उपलब्ध असून त्यावरील क्रमांकाच्या आधारे त्याची पडताळणी करता येते.

संगणकीय प्रत न्यायालयात कधी ग्राह्य धरावी, याविषयीचा महत्त्वाचा निवाडा जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक वादातून आला. नामनिर्देशनपत्र वेळेत दाखल झाले की नाही हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणावरून ठरवण्याचा तो प्रश्न होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला की, मूळ यंत्रच हजर केले नसेल तर भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य आहे, आणि संबंधित अधिकारी ते देत नसल्यास ते मिळवून देण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद पुढे चालू आहे. प्रमाणपत्राच्या नमुन्याचे दोन भाग असून दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. त्यात अभिलेखाचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. हॅश मूल्य हा फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेला ठसा होय. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो आणि फाइलमधील एक अनुस्वार बदलला तरी तो संपूर्ण पालटतो.