पन्हाळ्याचा डोंगर आणि पदभ्रमण मार्ग

पन्हाळा हा महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यातील, सह्याद्रीपासून पूर्वेकडे निघालेल्या डोंगररांगेवरील वनाच्छादित डोंगर व त्याच्या माथ्यावरील किल्ला आहे. कोल्हापूर शहराच्या वायव्येस सुमारे २० किमी अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फुटांवर तो वसला असून माथ्यावर पन्हाळा हे तालुक्याचे गाव आहे. गडावर नांदती वस्ती व गाडीरस्ता असल्याने बहुतेक पर्यटक पन्हाळा गाडीतूनच पाहतात. तथापि या डोंगराचे महत्त्व त्याच्या पायवाटांवाचून नीट उलगडत नाही. येथून पश्चिमेस मसाई पठारावरून पावनखिंड व विशाळगडाकडे जाणारी वाट ही महाराष्ट्रातील सर्वाधिक चालली जाणारी ऐतिहासिक वाट म्हणता येईल.

नाव

जुन्या लेखनांत या स्थानाचा निर्देश पर्णालक, प्रणालक अशा रूपांत आढळतो. पुराणपरंपरा त्याला पन्नगालय, म्हणजे नागांचे घर म्हणते. डोंगराचा आकार नागमोडी असल्याने हे नाव पडले असे सांगतात; नकाशा पाहिल्यास ते खोटे वाटत नाही. गडावर पराशर ऋषींच्या नावाने ओळखली जाणारी गुहाही आहे.

इतिहास

कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे किल्ला उभारला. इ.स. ११९१-९२ च्या सुमारास त्याचे वास्तव्य येथे होते, असे ताम्रपटावरून दिसते. देवगिरीच्या सिंघण यादवाने भोजाचा पराभव केल्यावर किल्ला यादवांकडे, पुढे बहामनींकडे व पंधराव्या शतकाच्या अखेरीस विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. आज दिसणाऱ्या तटबंदीचा व तीन दरवाजाचा बराच भाग आदिलशाही काळातील आहे. गंगा, यमुना व सरस्वती अशा तीन कोठारांचा अंबारखाना पाहिला म्हणजे गड वेढ्यात महिनोन्‌महिने कसा तग धरत असे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरने वेढा घातला. राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनीही आपल्या तोफा विजापूरकरांच्या मदतीला आणल्या होत्या. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून त्याचे उत्तर दिले. वेढ्यातून महाराज निसटले तरी गड त्याच वर्षी विजापूरकरांच्या स्वाधीन करावा लागला. तो परत मिळाला १६७३ मध्ये. कोंडाजी फर्जंद याने सुमारे साठ निवडक मावळ्यांनिशी रात्री कडा चढून किल्ला घेतला. या प्रसंगावर जयराम पिंड्ये याने ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले. किल्ला न म्हणता पर्वत जिंकला असे त्या शीर्षकात म्हटले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दिलेरखानाच्या गोटातून परतल्यावर संभाजी महाराज पन्हाळ्यावर राहिले व शिवाजी महाराजांच्या मृत्यूची वार्ता त्यांना येथेच समजली. १७०१ मध्ये औरंगजेबाची छावणी पन्हाळ्याला पडली असताना इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस त्याला येथे भेटला. गड मोगलांनी घेतला, परंतु थोड्याच काळात रामचंद्रपंत अमात्यांच्या काळजीने मराठ्यांकडे परत आला. महाराणी ताराबाईंनी पन्हाळा आपल्या राज्याचे ठाणे केले. राजधानी कोल्हापूर शहरात गेली ती १७८२ मध्ये. आर्या वृत्तातील रचनेसाठी प्रसिद्ध असलेल्या कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये येथलाच. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावात इंग्रज अधिकारी कर्नल ओव्हान्स याला पन्हाळ्यावर कैदेत ठेवले होते. डिसेंबरमध्ये इंग्रजांनी तोफा लावून गड घेतला आणि नंतर चार दरवाजा पाडून टाकला.

१६६० ची वाट

आषाढ पौर्णिमेच्या रात्री, १२ जुलै १६६० रोजी, भर पावसात महाराज सुमारे सहाशे लोकांनिशी गड उतरले आणि दुसऱ्या दिवशी विशाळगडावर, म्हणजे तत्कालीन खेळण्यावर पोहोचले. नेबापूरच्या शिवा काशीदने महाराजांचा वेष घेऊन शत्रूला चकवले, तर घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे व हिरडस मावळातील बांदलांच्या लोकांनी पाठलाग रोखून धरला. बाजीप्रभू तेथे पडले. घोडखिंडीचे नाव पुढे पावनखिंड झाले.

एवढी प्रसिद्ध वाट असूनही तिच्यावरील गावांची यादी समकालीन साधनांत नाही. जेधे शकावलीतील नोंद अगदी त्रोटक आहे. तीत तिथी आणि प्रस्थानाचा उल्लेख आहे, मार्ग नाही. गडावर पोहोचल्याची खूण म्हणून सोडलेले तोफांचे आवाज व पालखीचे तपशील हे मुख्यतः उत्तरकालीन बखरी व पोवाड्यांतून रूढ झाले आहेत. लढाई नेमक्या आजच्या पावनखिंडीत झाली की विशाळगडाच्या अधिक जवळ, याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत.

आज चालली जाणारी वाट परंपरा आणि भूगोल यांच्या आधारे ठरलेली आहे, आणि त्यांपैकी भूगोलाचा आधार अधिक भक्कम म्हणावा लागेल. ही डोंगररांग दक्षिणेकडील कासारी आणि उत्तरेकडील कडवी-वारणा या नदीखोऱ्यांच्या मधून पश्चिमेकडे जाते. आषाढात दोन्ही नद्या दुथडी वाहतात. खोऱ्यातून गेल्यास पुराचे पाणी व शत्रूच्या चौक्या या दोन्हींशी गाठ पडली असती. माथ्याने गेल्यास मोठी नदी ओलांडावी लागत नाही आणि मसाईसारखे सपाट पठार अंधारातही वेगाने पार करता येते. पावसात एकदा ही वाट चालून पाहणाऱ्याला त्या रात्रीच्या निवडीमागचे कारण पुस्तकाशिवाय कळते.

आजचा पदभ्रमण मार्ग

पन्हाळा ते विशाळगड हे अंतर या वाटेने सुमारे ६० किमी भरते. बहुतेक पदभ्रमक पावनखिंडीपर्यंतचा भाग दोन दिवसांत चालतात. राजदिंडीतून उतरून तुरुकवाडी व म्हाळुंगे गाठले की मसाई पठाराची चढण लागते. जांभ्या दगडाचे हे पठार काही किलोमीटर पसरले असून त्यावर मसाई देवीचे मंदिर आहे. पठाराच्या कड्यात पांडवदरा नावाची लेणी आहेत. पावसाळ्यात येथे दाट धुके उतरते व दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही. पठारावर झाड-झुडूप किंवा वळणाची खूण फारशी नसल्याने वाट चुकण्याचा खरा धोका येथेच आहे. गटातील शेवटचा माणूस वाट ओळखणारा असावा.

पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या लागतात. पहिला मुक्काम साधारणपणे करपेवाडी-आंबेवाडीच्या परिसरात पडतो. दुसऱ्या दिवशी रिंगेवाडी, माळेवाडी व पुढचे धनगरवाडे ओलांडून दाट रानातून पांढरपाणीला जाता येते. हा टप्पा चिखल, भातखाचरांचे बांध, ओढे आणि जळवा यांचा आहे. अंतराच्या मानाने तोच अधिक दमवतो. पांढरपाण्यापासून पावनखिंड जवळ आहे. खिंडीत उतरण्यासाठी लोखंडी शिडी बसवलेली असून खालून कासारीच्या उगमाकडील ओढा वाहतो. पुढे गजापूरमार्गे विशाळगड गाठता येतो, तेथे बाजीप्रभू व त्यांचे बंधू फुलाजी यांच्या समाध्या आहेत.

इतर वाटा

पूर्वेस खिंडीपलीकडे असलेला पावनगड हा पन्हाळ्याचा जोडकिल्ला. तो शिवाजी महाराजांनी बांधला. पन्हाळ्यावरून तेथे जाऊन येण्यास एक सकाळ पुरते. जोतिबाचा डोंगर (वाडी रत्नागिरी) व पन्हाळा यांना जोडणारी वाट गिरोली-दाणेवाडीच्या बाजूने जाते; जोतिबाच्या पायथ्याशी पोहाळे येथील बौद्ध लेणी या फेरीत पाहता येतात. गडावरील तटाच्या कडेने चालत पुसाटी बुरूज, तीन दरवाजा, अंधारबाव व सज्जा कोठी पाहणे मुलांनाही जमते.

वन आणि संवर्धन

डोंगरउतारांवर जांभूळ, अंजनी, हिरडा, करवंद यांचे रान असून त्यात गवे व बिबटे यांचा वावर आहे. पावसाळा संपताना मसाई पठारावर रानफुले बहरतात. जांभ्यावरील मातीचा थर अत्यंत पातळ असल्याने पायदळी गेलेले गवत व फुले सहज परत उगवत नाहीत. पन्हाळगड, विशाळगड व मसाई पठार यांच्या परिसराला अलीकडे संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. शिवाय ११ जुलै २०२५ रोजी ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या बारा किल्ल्यांच्या समूहात पन्हाळ्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. हा मान किल्ल्याला मिळाला. पावनखिंडीपर्यंतची वाट व विशाळगड त्या यादीत नाहीत.

वाड्यांना जोडणारे डांबरी रस्ते झाल्याने जुन्या पायवाटेचे काही तुकडे रस्त्याखाली गेले आहेत. ग्रामस्थांना रस्ता हवाच असतो, कारण आजारी माणसाला डोलीतून खाली न्यावे लागण्याचे दिवस त्यांनी भोगले आहेत. मात्र दरवर्षी जुलैमध्ये मोठ्या संख्येने येणारे पदभ्रमक मागे टाकून जातात त्या प्लास्टिकचे समर्थन होऊ शकत नाही. डोंगरउतारही नाजूक आहे: जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चार दरवाजाजवळचा मुख्य रस्ता खचला आणि गडावरील वाहतूक बंद पडली.

चालण्यासाठी जुलै ते ऑक्टोबर हा काळ योग्य. पुढे पठारावर पाणी मिळत नाही. पावनखिंडीहून परतण्यासाठी आंबा गावाकडे येऊन कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावरील एस.टी. पकडता येते.