गुडजिम

गुडजिम ही युनायटेड किंग्डममधील एक नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे. व्यायामासाठी धावणाऱ्या नागरिकांना एकत्र आणणे आणि त्यांच्या धावेला सार्वजनिक उपयोगाच्या श्रमदानाची जोड देणे, हे तिच्या कार्याचे स्वरूप आहे. संस्थेचे सदस्य गटाने धावत एखाद्या सामुदायिक बागेत, उद्यानात, शाळेत किंवा अन्नपेढीत पोहोचतात, तेथे ठरलेले काम पूर्ण करतात आणि धावतच परत येतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना धावत जाऊन भेटणे आणि त्यांची अडलेली घरगुती कामे करून देणे, हाही संस्थेच्या कार्याचा प्रमुख भाग आहे. पूर्व लंडनमध्ये सुरू झालेला हा उपक्रम पुढे ब्रिटनमधील अनेक शहरांत पसरला.

पार्श्वभूमी

निसर्गसंवर्धनासाठी स्वेच्छेने अंगमेहनत करण्याची परंपरा ब्रिटनमध्ये जुनी आहे. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या कॉन्झर्वेशन कोअर या स्वयंसेवक दलातून पुढे ब्रिटिश ट्रस्ट फॉर कॉन्झर्वेशन व्हॉलंटिअर्स ही संस्था उभी राहिली. २०१२ पासून ती द कॉन्झर्वेशन व्हॉलंटिअर्स या नावाने ओळखली जाते. या संस्थेने डॉक्टर विल्यम बर्ड यांच्या कल्पनेवरून १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘ग्रीन जिम’ हा उपक्रम सुरू केला. त्यात व्यायामशाळेऐवजी मोकळ्या जागेत झाडे लावणे, खणणे, पायवाटा दुरुस्त करणे अशी कामे व्यायाम म्हणून केली जातात. सत्राच्या आरंभी शरीर सैल करण्याच्या हालचाली आणि शेवटी विसाव्याचे व्यायाम घेतले जातात.

दुसरीकडे, सामूहिक धावण्याला ब्रिटनमध्ये पार्करन या उपक्रमामुळे मोठी चालना मिळाली. पॉल सिंटन-ह्युइट यांनी २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये त्याची सुरुवात केली. दर शनिवारी सकाळी होणारी ही ५ किलोमीटरची धाव विनामूल्य असते आणि तिची सर्व व्यवस्था स्वयंसेवक पाहतात. पार्करनमध्ये उद्यान ही धावण्याची जागा असते, तर ग्रीन जिममध्ये ते कामाची जागा असते. गुडजिमने या दोन्ही गोष्टी एका सत्रात एकत्र आणल्या.

स्थापना

गुडजिमचे संस्थापक आयव्हो गॉर्मली हे माहितीपट-दिग्दर्शक आहेत. आंतरजालामुळे शक्य झालेल्या लोकसहकार्यावरील ‘अस नाऊ’ हा त्यांचा माहितीपट २००९ मध्ये प्रदर्शित झाला. व्यायामशाळेतील यंत्रांवर खर्च होणारी माणसाची शक्ती कोणाच्याही उपयोगी पडत नाही, याउलट त्याच वस्तीत अंगमेहनतीअभावी कामे खोळंबलेली असतात आणि वृद्ध माणसे सोबतीवाचून राहतात, या विसंगतीतून त्यांना ही कल्पना सुचली. घराबाहेर पडू न शकणाऱ्या एका वृद्ध शेजाऱ्याकडे ते धावत जाऊन वर्तमानपत्र पोहोचवू लागले. कोणीतरी आपली वाट पाहत आहे या जाणिवेमुळे धावण्यात खंड पडत नाही, हा अनुभव संस्थेच्या पुढील कार्यपद्धतीचा पाया ठरला. सुरुवातीचे गट पूर्व लंडनमधील टॉवर हॅम्लेट्स परिसरात काम करू लागले. त्यानंतर लंडनच्या इतर भागांत आणि पुढे ब्रिस्टलसह अन्य शहरांत संस्थेच्या शाखा सुरू झाल्या.

कार्यपद्धती

सामूहिक धाव हे गुडजिमचे सर्वपरिचित सत्र आहे. ते साधारणतः कामकाजाच्या दिवशी संध्याकाळी असते. सदस्य ठरलेल्या ठिकाणी जमतात, गटप्रमुख त्या दिवशीचे काम समजावून सांगतो आणि गट एकत्र धावू लागतो. वेगवान आणि संथ धावणाऱ्यांमध्ये अंतर पडू नये म्हणून पुढे गेलेले सदस्य मागे वळून गटाला येऊन मिळतात. कोणालाही मागे सोडायचे नाही, हा या धावेचा नियम आहे. कामाच्या ठिकाणी अवजारे, हातमोजे आणि मार्गदर्शन तेथील यजमान संस्था पुरवते. काम संपल्यावर गट मूळ ठिकाणी परततो. धावता न येणाऱ्यांना सहभागी होता यावे, यासाठी चालत किंवा सायकलने जाण्याची सत्रेही घेतली जातात.

प्रत्येक सत्राचा छोटा वृत्तांत संस्थेच्या संकेतस्थळावर लिहिला जातो. त्यात कोणत्या ठिकाणी काय काम झाले याची माहिती असते. सदस्याच्या नावावर किलोमीटर किंवा वेळेऐवजी ‘सत्कृत्यां’ची संख्या नोंदवली जाते. स्पर्धात्मक धावण्यापेक्षा या उपक्रमाचे वेगळेपण या नोंदीतून स्पष्ट होते.

व्यायामशास्त्राच्या दृष्टीनेही ही जोड पूरक आहे. ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम करणे आणि त्याशिवाय किमान २ दिवस स्नायूंना बळकटी देणाऱ्या हालचाली करणे अपेक्षित आहे. धावण्याने हृदय आणि फुप्फुसे यांना व्यायाम मिळतो. खणणे, फावड्याने माती उपसणे आणि ओझे वाहणे यांमुळे हात, पाठ आणि खांदे यांचे स्नायू वापरले जातात.

हरित जागांतील कामे

सामुदायिक बागा, शहरी शेते, नदीकाठ, सार्वजनिक उद्याने आणि ॲलॉटमेंट ही गटांची नेहमीची कार्यस्थळे आहेत. ॲलॉटमेंट म्हणजे नागरिकांना भाजीपाला पिकवण्यासाठी अल्प भाड्याने दिलेले जमिनीचे तुकडे. एका माळ्याला अनेक दिवस लागतील, पण २० जणांना तासाभरात उरकता येईल, असे काम या गटांना विशेष सोयीचे पडते. माती, खत किंवा लाकडाच्या ढलप्यांचा ढीग घमेल्यांनी व एकचाकी गाड्यांनी हलवणे, वाफ्यांवर आच्छादन पसरणे, कंपोस्ट खताचा ढीग उलटणे, तण उपटणे, ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या तोडणे आणि कचरा उचलणे, ही त्याची उदाहरणे होत.

कामांची निवड ऋतूनुसार बदलते. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर ते मार्च या काळात झाडे सुप्तावस्थेत असतात. त्यामुळे मुळांभोवती माती नसलेली रोपे याच काळात लावली जातात. हिवाळ्यात तेथे दुपारी ४ च्या सुमारास अंधार पडू लागतो, म्हणून संध्याकाळचे गट डोक्याला बांधायच्या विजेऱ्या घेऊन काम करतात. मार्च ते ऑगस्ट हा पक्ष्यांच्या विणीचा मुख्य काळ असल्याने झुडपांच्या कुंपणांची छाटणी या काळात टाळली जाते.

उन्हाळ्यात ब्रिटनमधील स्वयंसेवी गट नदीकाठची हिमालयन बाल्सम ही वनस्पती उपटण्याचे काम करतात. मूळची हिमालयातील ही वनस्पती १८३९ मध्ये शोभेचे झाड म्हणून ब्रिटनमध्ये नेण्यात आली आणि पुढे बागांबाहेर पसरली. महाराष्ट्रात पावसाळ्यात फुलणारा तेरडा हा याच इम्पेशन्स प्रजातीतील आहे. तेरड्याप्रमाणेच हिचीही पिकलेली बोंडे स्पर्शाने फुटतात आणि बिया ७ मीटरपर्यंत उडतात. एका झाडाला सुमारे ८०० बिया येऊ शकतात. दाट वाढलेल्या या वनस्पतीच्या सावलीत स्थानिक रोपे टिकत नाहीत, आणि हिवाळ्यात ती मरून गेल्यावर उघडा पडलेला काठ पाण्याने धुपतो. तिची मुळे उथळ असल्याने ती हाताने सहज उपटता येते. मात्र हे काम बी धरण्यापूर्वी करावे लागते आणि पुढील वर्षांतही त्याच जागी पुन्हा करावे लागते. याउलट जपानी नॉटवीड या वनस्पतीच्या भूमिगत खोडाचा लहानसा तुकडाही पुन्हा रुजतो. त्यामुळे ती अननुभवी स्वयंसेवकांनी तोडू नये, असा संकेत आहे. उत्साहाबरोबर जाणकाराची देखरेख का आवश्यक असते, हे या दोन वनस्पतींच्या उदाहरणांवरून दिसते.

वृद्धांसाठी सेवा

एकट्या वृद्ध व्यक्तीला नियमितपणे भेटायला जाणाऱ्या सदस्याच्या दृष्टीने ती व्यक्ती ‘कोच’, म्हणजे प्रशिक्षक असते. वृद्ध व्यक्ती केवळ मदत घेणारी नसून धावणाऱ्याला घराबाहेर काढणारी प्रेरणा तीच आहे, हा या संज्ञेमागील विचार आहे. अशा भेटींसाठी सदस्याची पार्श्वभूमी अधिकृतरीत्या तपासली जाते. ‘मिशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकवेळच्या कामांत बागेतील वाढलेले गवत कापणे, दिवा बदलणे, जड सामान हलवणे यांचा समावेश होतो. रुग्णालयातून घरी परतणाऱ्या वृद्धाची खाट वरच्या मजल्यावरून खाली आणून देण्यासारखे काम किरकोळ वाटले, तरी त्यावाचून त्या व्यक्तीचे घरी येणे लांबू शकते. कोविड-१९ महामारीच्या काळात गट एकत्र येण्यावर बंधने आली. त्या वेळी सदस्यांनी औषधे आणि किराणा घरपोच देण्याची कामे केली.

मर्यादा आणि प्रश्न

इंग्लंडमध्ये सार्वजनिक उद्यानांची देखभाल करणे स्थानिक प्रशासनांवर कायद्याने बंधनकारक नाही. त्यामुळे २०१० नंतरच्या काटकसरीच्या धोरणात उद्यानांच्या तरतुदींना कात्री लागली. ब्रिटिश संसदेच्या समितीने २०१७ मध्ये सार्वजनिक उद्यानांविषयीच्या अहवालात या स्थितीबद्दल चिंता व्यक्त केली. या परिस्थितीत स्वयंसेवकांचे काम पगारी माळ्यांच्या कामाला पूरक ठरते की त्यांची जागा घेते, हा प्रश्न अशा सर्व उपक्रमांपुढे उभा राहतो. महिन्यातून एखाद्या संध्याकाळी येणारा गट साचलेले काम उपसू शकतो. मात्र रोजचे पाणी, रोगराईवर लक्ष आणि झाडांची जाणकार छाटणी यांसाठी कायमस्वरूपी कर्मचारी लागतात.

उद्यान वापरणाऱ्यांनी त्याच्या देखभालीचा भार कसा उचलावा, हा वाद २०१६ मध्ये ब्रिस्टलजवळील स्टोक गिफर्ड येथे उघडपणे समोर आला. तेथील स्थानिक परिषदेने लिटल स्टोक पार्कमधील पार्करनकडून शुल्क मागण्याचा निर्णय घेतला. विनामूल्यतेच्या तत्त्वाला मुरड घालण्यास आयोजकांनी नकार दिल्याने तेथील धाव बंद पडली. गुडजिमसारख्या उपक्रमात धावणारे पैशांऐवजी श्रमाच्या रूपाने वाटा उचलतात. तथापि, श्रमाने देखभालीचा सर्व खर्च भागत नाही. गटांचे संयोजन, विमा आणि प्रशिक्षण यांनाही पैसा लागतो. तो सदस्यांच्या देणग्या, स्थानिक प्रशासनांचे साहाय्य आणि अनुदाने यांतून उभा केला जातो.

समांतर उपक्रम आणि भारत

धावता धावता कचरा उचलण्याच्या प्रकारास प्लॉगिंग म्हणतात. उचलणे आणि धावणे या अर्थांच्या स्वीडिश शब्दांवरून हे नाव बनले असून, एरिक आल्स्ट्रोम यांनी २०१६ मध्ये स्वीडनमध्ये त्याचा प्रसार सुरू केला. प्लॉगिंगमध्ये काम धावेच्या संपूर्ण मार्गावर विखुरलेले असते. गुडजिमच्या पद्धतीत धाव एका निश्चित जागेपर्यंत नेते, आणि तेथील यजमान संस्थेशी सदस्यांचे नाते जुळते.

महात्मा गांधी यांच्या १५० व्या जयंतीदिनी, २ ऑक्टोबर २०१९ रोजी, भारतात ‘फिट इंडिया प्लॉग रन’ देशभर आयोजित करण्यात आली. महाराष्ट्रात पुणे प्लॉगर्स या नागरिकांच्या गटाने शहरातील रस्ते, टेकड्या आणि नदीकाठ येथे अशी सत्रे घेतली आहेत. पुण्यातील टेकड्यांवर सकाळी फिरायला जाणारे अनेक नागरिक सोबत पाण्याच्या बाटल्या नेऊन रोपांना पाणी घालतात. त्यामागे औपचारिक संघटना नसली, तरी व्यायामाची रोजची वाट आणि झाडाची निगा यांची सांगड घालण्याचे तत्त्व तेच आहे. ग्रामीण महाराष्ट्रात रूढ असलेली श्रमदानाची संकल्पनाही या उपक्रमांना जवळची आहे. मात्र गावातील श्रमदानात व्यायाम हा हेतू नसतो. गुडजिममध्ये व्यायामाची गरज हीच नागरिकाला श्रमदानापर्यंत आणते.

हे सुद्धा पहा

प्लॉगिंग
श्रमदान
सामुदायिक बाग
तेरडा