पाचोळ्याखालचे सोने

सोने शोधण्यासाठी जमिनीच्या पोटात खोलवर शिरावे लागते, असा सर्वसाधारण समज आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचा अनुभव मात्र निराळा आहे. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी तेथील मोलिआगुल गावाजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या खाणकऱ्यांना ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा जगप्रसिद्ध सुवर्णखंड सापडला. त्यातून सुमारे ७२ किलो सोने निघाले. हा खंड एका झाडाच्या मुळाशी, पृष्ठभागाखाली अवघ्या ३ सेंटिमीटरवर होता. पुढे १९८० मध्ये किंगोवर गावाजवळ मेटल डिटेक्टरच्या साह्याने सापडलेला ‘हँड ऑफ फेथ’ हा सुमारे २७ किलोंचा खंडही जेमतेम फूटभर खोल होता.

असे भाग्य विरळाच. बॅलरॅट, बेंडिगो, मॅरीबरो या परिसरात आज हौसेने सोने शोधणाऱ्यांच्या हाती बहुतेक वेळा ग्रॅमभर किंवा त्याहूनही लहान कण लागतात. असा कण सापडणार की पायाखालीच राहणार, हे पुष्कळदा जमिनीवरील गवत आणि पालापाचोळा ठरवितो. तो दूर करणे हे वरकरणी हलके वाटणारे काम या शोधातील कळीची पायरी आहे आणि जंगलाची सर्वाधिक हानीही याच पायरीवर होऊ शकते.

चार बोटांचे अंतर

मेटल डिटेक्टरच्या टोकाशी तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल असते. तिच्यातून सोडलेल्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतील धातूत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतात. त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र यंत्र टिपते आणि शोधकाच्या कानात आवाज उमटतो. हे क्षेत्र जाताना विरळ होत जाते आणि परतताना पुन्हा विरळ होते. कॉइलच्या आकाराच्या मानाने लांब असलेल्या लहान वस्तूचा प्रतिसाद सिद्धांततः अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. अंतर दुप्पट झाले की संकेत सुमारे ६४ पटींनी क्षीण होतो.

लहान कण ऐकू येण्याची मर्यादा मुळातच काही सेंटिमीटरची असते. त्यातील ५ सेंटिमीटर गवतावर आणि पाचोळ्यावरच खर्ची पडले, तर मातीत शिरायला उरते काय? शिवाय झुडपांना अडखळणारी कॉइल एकसारख्या उंचीवरून फिरत नाही. येथील माती लोहयुक्त असल्याने कॉइल वरखाली झाली की यंत्र विनाकारण आवाज करू लागते आणि त्या गोंगाटात सोन्याचा मंद स्वर हरवून जातो.

झाडलोट कशी होते?

सराफकट्ट्यावरची माती धुऊन सोन्याचे कण वेचणारा झारेकरी आपल्या परिचयाचा आहे. त्याचाच धीर येथे लागतो. अनुभवी शोधक आधी जागा निवडतो, मग तिचे अरुंद पट्टे पाडतो. पहिल्या पट्ट्यातील सुटा पाला, साली आणि काटक्या दाताळ्याने बाजूला ओढल्या जातात. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, सावकाश, एक फेरा दुसऱ्यावर थोडा चढेल अशा रीतीने फिरविली जाते. त्यानंतर दुसऱ्या पट्ट्यातील पाचोळा तपासून झालेल्या पहिल्या पट्ट्यावर पसरतात. त्यामुळे श्रम वाचतात आणि जमीन उघडी राहत नाही. लोखंडी दाताळे कॉइलपासून दूर ठेवावे लागते. जुने खिळे आणि पत्र्याचे तुकडे वेचण्यासाठी टिकावाला लोहचुंबक लावण्याची पद्धत आहे.

जुन्या खाणकऱ्यांच्या खुणा

सगळे रान झाडीत बसणे अर्थातच शक्य नसते. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सुवर्णज्वर उसळल्यानंतर खाणकऱ्यांनी कित्येक उतारांवरील मातीचा वरचा थर खरवडून पाण्यापर्यंत वाहून नेला आणि धुतला. अशा जागी आजही माती अतिशय पातळ आहे आणि खालचा चिकणमातीचा थर जवळ आहे. त्या काळी तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांतून फुटलेली अनेक खोडांची झाडे ही या मुलखाची ओळख. जुन्यांच्या नजरेतून निसटलेले कण येथे उथळावरच असतात. म्हणून दाताळे प्रथम येथे चालते. वणव्यात जळून उघड्या पडलेल्या जमिनीवरही शोधकांची पावले वळतात. मात्र सफाईसाठी मुद्दाम आग लावणे हा गंभीर गुन्हा आहे. फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत या राज्यात १७३ जणांचा बळी गेला होता.

पश्चिम ऑस्ट्रेलियात निराळी पद्धतही आहे. तेथे खाणपट्टाधारक सरकारी मंजुरी घेऊन बुलडोझरने जमिनीचा एकेक थर खरवडतात, प्रत्येक थर डिटेक्टरने तपासतात आणि शेवटी राखून ठेवलेली वरची माती पुन्हा पसरतात. हौशी शोधकाला ही मुभा नाही.

कचरा नव्हे, घर

व्हिक्टोरियाच्या सुवर्णक्षेत्रावर निलगिरीच्या विविध जातींचे ‘बॉक्स-आयर्नबार्क’ जंगल आहे. सोन्यासाठी, शेतीसाठी आणि लाकडासाठी झालेल्या तोडीनंतर त्याचा फार थोडा भाग उरला आहे. पाचोळा आणि पडलेली लाकडे या जंगलातील कीटकांचे आश्रयस्थान आहेत. फॅस्कोगेल हा चिमुकला शिशुधान प्राणी त्यांतच भक्ष्य शोधतो. बेंडिगोच्या परिसरात अर्धवट रुतलेल्या दगडांखाली गुलाबी शेपटीची दुर्मीळ बिनपायी पाल राहते. दगड उलटून तसाच टाकला की तिचे घर मोडते. उघडी पडलेली पातळ माती पहिल्या जोरदार सरीत वाहून जाते ती वेगळीच.

या कारणास्तव कायद्याने सीमा आखली आहे. व्हिक्टोरियात शोधकाकडे ‘माइनर्स राइट’ हा परवाना असावा लागतो. तो १० वर्षे चालतो आणि सापडलेले सोने शोधकाचेच होते. मात्र केवळ हाताने चालविण्याची अवजारे वापरता येतात. झाड किंवा झुडूप तोडण्यास, त्याला इजा करण्यास आणि मूलनिवासींच्या वारसास्थळांना धक्का लावण्यास मनाई आहे. झालेली हानी दुरुस्त करणे बंधनकारक आहे. खासगी जमिनीवर मालकाची संमती लागते. बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत शोधास बंदी असून काहींत नेमून दिलेल्या भागांपुरती सवलत आहे.

थोडक्यात, दाताळ्याने सुटा पाला सरकवावा. मुळे धरून उभे असलेले काही उपटू नये. गवत उंच वाढले असेल, तर ते उपटण्यापेक्षा जागा बदलावी किंवा ऋतू पालटण्याची वाट पाहावी. हिवाळ्यात साप सुस्त असतात आणि ओली माती खणायलाही सोपी जाते. खड्डा बुजवून त्यावर पाचोळा पसरला, की दिवसाचे काम पूर्ण झाले असे समजावे, मग सोने हाती लागलेले असो वा नसो.