आधी पैसे भरा, मग हक्क मागा? थेरपीच्या खर्चाचा इतिहास

अपंगत्वाबद्दल आपल्या समाजात दोन भाषा बोलल्या जातात. एक पूर्वकर्माची, दुसरी दयेची. पूर्वकर्माची भाषा आपण लगेच ओळखतो, कारण जातिव्यवस्थेचे समर्थनही त्याच तर्काने झाले. दयेची भाषा जास्त फसवी आहे. ती सरकारी योजनांत शिरते आणि आपणही टाळ्या वाजवतो. म्हणून स्वमग्न मुलाला स्पीच थेरपी, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला फिजिओथेरपी मिळावी यासाठी सरकार पैसा कसा देते, हे इतिहासात जाऊन तपासले पाहिजे. किती पैसा, हा प्रश्न सगळेच विचारतात. तो कोणत्या वाटेने येतो, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कारखान्यातील कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यावर उभा राहिलेला कामगार राज्य विमा कायदा १९४८ मध्ये संमत झाला. तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे नव्हते, पण पाया त्यांच्या कारकिर्दीत घातला गेला होता. या योजनेतील एक गोष्ट आज विसरली जाते. कामगाराने दवाखान्यात जायचे आणि उपचार घ्यायचे. मालक आणि कामगार यांची वर्गणी आधीच जमा झालेली असते. खिशात पैसे नाहीत म्हणून दारातून परत फिरायची वेळ येऊ नये, हेच त्या योजनेचे मर्म. मर्यादा एकच, पण मोठी: शेतमजूर, घरकामगार आणि नाक्यावर उभा राहणारा मजूर तिच्या बाहेर राहिला.

संविधानाच्या कलम ४१ ने आजारपण आणि विकलांगता यांत सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क नोंदवला. पण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, न्यायालयातून थेट बजावता येत नाही. शिवाय त्यात राज्याच्या आर्थिक क्षमतेची अट आहे. ही अट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

अपंगांसाठीचा पहिला व्यापक कायदा यायला १९९५ साल उजाडले. त्यात स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांची दखल घेतली. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार मान्य केला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि पुनर्वसन ही सरकारची व स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरवली. पण कोणत्या शब्दांत? आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत! १९५० ची अट २०१६ मध्येही तशीच उभी आहे.

आता प्रत्यक्ष योजना पाहू. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण देते आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे. कागदावर उत्तमच. पण पद्धत अशी की आधी खर्च करा, बिले जपा, डॉक्टरची चिठ्ठी जोडा, मग परतावा मागा. समजा एका वेळचे ४०० रुपये आणि महिन्यात ८ वेळा थेरपी. म्हणजे ३,२०० रुपये आधी हातात हवेत. वर एसटीचे भाडे आणि आईची बुडालेली रोजी. पगारदार कुटुंब हे पेलते. रोजंदारीवरचे कुटुंब दुसऱ्या महिन्यात थेरपी सोडते, आणि मग कार्यालयात नोंद होते की लाभार्थीच पुढे येत नाहीत. मोठ्या आरोग्य विमा योजना रोखरहित आहेत, पण त्या मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेल्या आहेत. थेरपी तर आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षे चालते.

ही अट सर्वांना सारखी लागू आहे, मग जातीचा संबंध काय, असे कोणी विचारेल. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के. एकूण २.६८ कोटी अपंगांपैकी सुमारे १.८६ कोटी ग्रामीण भागात होते. थेरपी केंद्रे मात्र शहरांत. ज्यांच्याकडे साठवलेला पैसा नाही त्यांना आधी पैसा भरायला लावणारी अट दिसायला समान असते, परिणामात नसते.

दुसरी वाट आपल्याच राज्यात सुरू झाली होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ पालघरला झाला. ० ते १८ वयाच्या मुलांची अंगणवाडीत व शाळेत तपासणी आणि गरज असलेल्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत उपचार, ही त्याची रचना. कामगार विम्यामागचे तत्त्वच इथे आहे: पैसा मागे, सेवा पुढे. गरज आहे ती ही केंद्रे तालुक्यापर्यंत नेण्याची आणि त्यांत थेरपिस्टची पदे भरण्याची.

म्हणून आपल्या तरुणांनी तीन कामे हाती घ्यावीत. वस्तीतील प्रत्येक मुलाचे यूडीआयडी कार्ड आणि निरामयची नोंदणी करून द्यावी. योजना अपुरी आहे म्हणून ती सोडून देणे हा शहाणपणा नव्हे. जिल्हा केंद्रात किती थेरपिस्ट मंजूर आहेत आणि किती प्रत्यक्षात आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. ग्रामपंचायतीने अपंगांसाठी राखायचे ५ टक्के उत्पन्न कुठे गेले, याचा हिशेब ग्रामसभेत मागावा.

जयंतीच्या मंडपात आपण संविधानाची उद्देशिका वाचतो. यंदा त्याच मंडपात नोंदणीचे एक टेबल मांडू या. कलम ४१ ला न्यायालयाचे दात नाहीत, तर ते दात चळवळीने द्यायचे आहेत.

जय भीम!